देहाची अमानत आणि हजचा प्रवास



हजला जाणाऱ्यांसाठी आमच्या गावच्या मशिदीत दरवर्षी एका दिवसाचे शिबिर होते. एहराम कसा बांधावा, तवाफ कोठून सुरू करावा, मिनात किती रात्री काढाव्यात, हे तेथे समजावून सांगितले जाते. मागील शिबिर आटोपल्यावर मंडळी दस्तरखानाकडे वळली, तेव्हा मोहल्ल्यातील एक वयस्क चाचा मागे रेंगाळले. एस.टी.त चालक म्हणून त्यांची सारी हयात गेली. निवृत्तीची रक्कम त्यांनी हजसाठी राखून ठेवली होती. आजूबाजूला कोणी नाही असे पाहून त्यांनी हळूच विचारले, ‘‘मौलाना, डॉक्टरच्या फॉर्मवर शुगर आणि छातीचा त्रास लिहिला नाही, तर गुनाह होतो का?’’

मी काही बोलण्याआधीच ते पुढे म्हणाले, ‘‘लिहिले तर डॉक्टर सही करणार नाही. आणि तिकडे मौत आलीच, तर त्याहून मोठे नशीब कोणते?’’

या प्रश्नाचे उत्तर मला तेथेच, चपला पायात सरकवता सरकवता द्यायचे नव्हते. ‘‘जुम्याच्या नमाजनंतर बसू,’’ असे मी म्हणालो. आम्ही बसलोही. परंतु असा प्रश्न मनात दडवून ठेवणारे ते एकटे नाहीत. अनेक घरांतील वडीलधारी माणसे हाच विचार करत असतात. मुलांना सांगत नाहीत, डॉक्टरला सांगत नाहीत आणि आलिमाला तर विचारतच नाहीत. म्हणून त्यांना जे सांगितले, ते आपल्यासमोरही मांडतो आहे.

मात्र त्याआधी मला स्वतःविषयी एक गोष्ट कबूल केली पाहिजे.

काही वर्षांपूर्वी उमराला निघालेल्या एका लहान जमातीबरोबर मी मार्गदर्शक म्हणून गेलो होतो. त्या जमातीत पासष्टीच्या पुढचे एक गृहस्थ होते. तवाफ पूर्ण झाला तेव्हा त्यांची पावले सुजली होती. सईसाठी चाकाची खुर्ची घेऊ, असे त्यांचा पुतण्या वारंवार सांगत होता. ‘‘पायांनीच करीन, सवाब जास्त आहे,’’ असे ते म्हणाले. आणि मी सर्वांदेखत उद्गारलो, ‘‘माशाअल्लाह! याला म्हणतात ईमानी जोश.’’ माझ्या या एका वाक्यानंतर त्यांना खुर्चीवर बसणे अशक्य झाले. सफा आणि मरवा यांमधील सात फेऱ्या म्हणजे तीन किलोमीटरहून अधिक चालणे. पाचव्या फेरीत ते कोसळले. अंगाला थंड घाम सुटला होता, नजर हरवली होती. कोणती औषधे चालू आहेत, असे तेथील डॉक्टरांनी विचारले तेव्हा आमच्यापैकी एकालाही उत्तर देता आले नाही. त्यांनी सकाळी मधुमेहाची गोळी घेतली होती आणि इबादतच्या ओढीने न्याहारी टाळली होती. रक्तातील साखर उतरली होती. अल्लाहच्या कृपेने ते शुद्धीवर आले. परंतु तळपायाला आलेला फोड त्यांनी आम्हाला दाखवलाच नाही. तो चिघळला आणि गावी परतल्यावर पायाची दोन बोटे काढावी लागली. त्यांनी मला कधी दोष दिला नाही.

मदरशात शिकत असताना सुनन अबू दाऊदमधील एक घटना आम्ही वाचली होती. हजरत जाबिर (रजि.) यांनी ती सांगितली आहे. प्रवासात एका सहाबींच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. पुढे त्यांच्यावर गुस्ल वाजिब झाले. मला तयम्मुमची सवलत आहे काय, असे त्यांनी सोबत्यांना विचारले. पाणी उपलब्ध असल्याने सवलत नाही, असे सोबत्यांनी सांगितले. त्यांनी गुस्ल केले आणि त्यातच त्यांचा मृत्यू ओढवला. ही वार्ता प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यापर्यंत पोहोचली तेव्हा ते अत्यंत संतप्त झाले. त्या माणसाचा जीव सोबत्यांनीच घेतला, ठाऊक नव्हते तर विचारले का नाही, अज्ञानावर इलाज विचारणे हाच आहे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. वर्गात आम्ही ही हदीस तयम्मुमच्या प्रकरणात शिकलो. त्या रात्री हॉटेलच्या खोलीत ती मला आठवली, तेव्हा ती तयम्मुमची राहिली नव्हती.

प्रिय वाचकहो, कष्ट जितके अधिक तितकी इबादत मोठी, ही समजूत आपल्या समाजात खोलवर रुजली आहे. तिच्यात सत्याचा अंश आहे. अल्लाहच्या मार्गात आपोआप वाट्याला आलेला त्रास वाया जात नाही. परंतु ओढवून घेतलेला त्रास ही वेगळी गोष्ट आहे. बुखारी व मुस्लिम यांच्या संग्रहांत ह. अनस (रजि.) यांच्याकडून आलेला प्रसंग पाहा. एक वृद्ध आपल्या दोन मुलांच्या खांद्यांवर भार टाकून कसाबसा पावले ओढत होता. प्रेषितांनी (स.) चौकशी केली. काबागृहापर्यंत पायी जाण्याचा नवस त्याने केला आहे, असे कळले. त्यावर प्रेषितांनी (स.) सांगितले, की या माणसाने स्वतःला यातना देण्याची अल्लाहला काहीही गरज नाही, आणि त्याला वाहनावर बसण्याची आज्ञा केली. येथे नवस होता, नियत चांगली होती, वाट काबागृहाची होती. तरीही आज्ञा बसण्याचीच झाली. माझ्या जमातीतील त्या गृहस्थांना मी काय म्हणायला हवे होते, ते या हदीसमध्ये मला चौदाशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवलेले होते.

आपला देह आपल्या मालकीचा नाही. तो अमानत आहे. स्वतःच्या हातांनी स्वतःला विनाशात लोटू नका, ही ताकीद पवित्र कुरआनात (सूरह अल-बकरा, आयत 195) आहे. स्वतःची हत्या करू नका, अल्लाह तुमच्यावर दयाळू आहे, हा आदेश सूरह अन-निसामध्ये (आयत 29) आहे. शेजाऱ्याने सांभाळण्यासाठी दिलेले दागिने आपण उन्हापावसात टाकून देत नाही. मग ज्याने डोळे, मूत्रपिंडे आणि हृदय सांभाळण्यासाठी दिले, त्याची ठेव आपण त्याच्याच दाराशी मोडून कशी टाकावी?

काही जण म्हणतात, ‘‘अल्लाहवर भरवसा आहे, औषधांचे ओझे कशाला?’’ या विचारालाही उत्तर जुनेच आहे. यमनमधील काही लोक हजला शिधासामग्री न घेता निघत आणि आम्ही अल्लाहवर विसंबणारे आहोत, असे सांगत. मक्केत पोहोचल्यावर मात्र ते लोकांपुढे हात पसरत. ह. इब्ने अब्बास (रजि.) सांगतात, की याच संदर्भात प्रवासाची शिदोरी बरोबर घेण्याची आज्ञा अवतरली (सूरह अल-बकरा, आयत 197). तक्वा ही सर्वोत्तम शिदोरी असल्याचे त्याच आयतीत म्हटले आहे. परंतु तक्व्याचे नाव घेऊन पिठाची थैली घरी ठेवावी, असे म्हटलेले नाही. आज मधुमेही यात्रेकरूच्या शिदोरीत इन्शुलिन आहे, दम्याच्या रुग्णाच्या शिदोरीत पंप आहे. ते घरी विसरून तेथे सोबत्यांपुढे हात पसरणे हे त्या यमनी काफिल्याचेच अनुकरण होय.

ह. उमर (रजि.) शामच्या दिशेने निघाले असता सर्ग या ठिकाणी त्यांना कळले, की पुढच्या प्रदेशात साथ पसरली आहे. त्यांनी सल्लामसलत करून परतण्याचा निर्णय घेतला. ह. अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, की अल्लाहने लिहिलेल्या तकदीरपासून आपण पळ काढता काय? ह. उमर (रजि.) यांच्या उत्तराचा सारांश असा, की होय, अल्लाहच्या एका तकदीरकडून आम्ही त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. उंटांसमोर एक हिरवा आणि एक ओसाड असे दोन उतार असतील, तर कोणत्याही उतारावर चारले तरी ते अल्लाहच्या तकदीरनेच असेल; तरी शहाणा माणूस हिरवा उतार निवडतो. पुढे ह. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी साथीच्या प्रदेशात प्रवेश न करण्याविषयीची प्रेषितांची (स.) हदीस ऐकवली आणि ह. उमर (रजि.) यांनी अल्लाहचे आभार मानले. तकदीरवरील ईमान त्यांच्याइतके पक्के कोणाचे होते? तरीही ते माघारी वळले.

आता चाचांच्या दुसऱ्या वाक्याकडे येऊ. त्या पवित्र भूमीत मृत्यू यावा, ही इच्छा वाईट आहे काय? मुळीच नाही. स्वतः ह. उमर (रजि.) अल्लाहच्या मार्गातील शहादत आणि प्रेषितांच्या (स.) नगरीत मृत्यू, अशी दुआ करत असत. अराफातच्या मैदानात वाहनावरून पडून, मान मोडून एका सहाबींचा अंत झाला. तेव्हा त्यांना एहरामच्याच दोन वस्त्रांत कफन देण्याची, त्यांना सुगंध न लावण्याची आणि त्यांचे डोके न झाकण्याची आज्ञा झाली, कारण कयामतच्या दिवशी ते तलबिया म्हणत उठतील. हे भाग्य कोणाला नको? परंतु ते सहाबी पडण्यासाठी वाहनावर चढले नव्हते, हे ध्यानात घ्यावे. ह. उमर (रजि.) यांनी दुआ केली, तशी त्यांनी साथीच्या प्रदेशातून माघारही घेतली. मृत्यू मागणे हे दुआमध्ये असते. त्याची तजवीज करणे हे आपले काम नव्हे. शिवाय ज्या मृत्यूला गाठण्यासाठी डॉक्टरसमोर खोटे बोलावे लागते, त्याला आपण कोणत्या तोंडाने शहादत म्हणणार? जो आम्हाला फसवतो तो आमच्यापैकी नाही, ही प्रेषितांची (स.) ताकीद बाजारातील धान्याच्या ढिगाजवळ दिली गेली होती. वरचे धान्य कोरडे होते आणि आतले ओले. आतला ओलावा लपवून वर कोरडे दाखवणे फॉर्मवरही होऊ शकते.

आणि या लपवालपवीची किंमत एकटा माणूस मोजत नाही. मिनाच्या तंबूत आजारी पडलेल्या एका माणसामागे चार सोबत्यांचे अराफात, मुजदलिफा आणि जमरात विस्कटतात. पत्नी बरोबर असेल तर अनोळखी भाषेच्या दवाखान्यात ती एकटी पडते.

उन्हाविषयी थोडे विस्ताराने लिहितो. 2024 च्या हजमध्ये 17 जून रोजी मस्जिदे-हरामच्या परिसरात तापमान 51.8 अंश सेल्सिअस नोंदवले गेले. त्या हजच्या काळात 1301 यात्रेकरूंचा मृत्यू झाल्याचे सौदी अरेबियाच्या सरकारने जाहीर केले. त्यांपैकी 83 टक्के लोक परवान्याविना हजला आलेले होते. ना वातानुकूलित तंबू, ना बस. भर उन्हात त्यांनी मैलोगणती पायपीट केली. हे वाचून त्या दिवंगतांना दोष देण्याचा विचारही मनात आणू नका. अल्लाह त्यांच्यावर दया करो. परंतु आपल्या गावात कोणी एजंट येऊन, ‘‘परवाना कशाला? व्हिजिट व्हिसावर नेतो, स्वस्तात हज होईल,’’ असे सांगू लागला, तर त्याला हा 83 चा आकडा ऐकवा. परवाना म्हणजे केवळ सरकारी कागद नव्हे. त्या कागदावर तुमच्या डोक्यावरचे छत आणि तुमच्या वाट्याची बस लिहिलेली असते. तो नसताना जाणारा माणूस त्या देशाचा नियम मोडतोच, शिवाय दुसऱ्याच्या छतावर आणि पाण्यावर विसंबतो.

पुरुषांना एहराममध्ये डोके झाकता येत नाही. म्हणून छत्रीही चालत नाही, असा गैरसमज शिबिरात दरवर्षी भेटतो. डोक्याला न टेकणारी छत्री वापरता येते. ह. उम्मुल हुसैन (रजि.) यांनी अखेरच्या हजमध्ये पाहिले, की ह. बिलाल (रजि.) आणि ह. उसामा (रजि.) यांच्यापैकी एकाने प्रेषितांच्या (स.) उंटिणीची दोरी धरली होती आणि दुसऱ्याने उन्हापासून बचावासाठी त्यांच्यावर कापड उंच धरले होते. ही सहीह मुस्लिममधील हदीस आहे. साऱ्या मानवजातीत श्रेष्ठ अशा व्यक्तीने सावली घेतली, आणि आपण घेतली नाही तर आपला हज अधिक श्रेष्ठ होईल काय?

उष्माघाताची चिन्हे घरातील प्रत्येकाला ठाऊक हवीत: अंग भट्टीसारखे तापणे, बोलणे असंबद्ध होणे, तोल जाणे, शुद्ध हरपणे. अशा माणसाला तत्काळ सावलीत न्यावे, अंग पाण्याने भिजवून वारा घालावा आणि वैद्यकीय मदत बोलवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये, मग ते जमजम का असेना. पाणी तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पीत राहावे. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी दिवसाला किती पाणी घ्यावे हे निघण्यापूर्वीच डॉक्टरला विचारावे. कारण त्यांच्यासाठी कमी जसे घातक तसे जास्तही. शौचालयाच्या रांगेच्या धास्तीने आपल्या माता-भगिनी पाणी पिणेच टाळतात. हे मला जमातीतील स्त्रियांनी संकोचत सांगितले, म्हणून येथे लिहितो. कृपया असे करू नका.

हजच्या विधींत सवलतींना किती जागा आहे, हे पाहिले की मन भरून येते. हुदैबियाच्या वेळी ह. कअब बिन उजरा (रजि.) एहराममध्ये होते आणि डोक्यातील उवा चेहऱ्यावर गळत होत्या. एवढ्याशा त्रासासाठी त्यांना मुंडनाची परवानगी मिळाली आणि बदल्यात फिदया सांगितला गेला: तीन रोजे, किंवा सहा गरिबांना अन्न, किंवा एक कुर्बानी. ही सवलत कुरआनात (सूरह अल-बकरा, आयत 196) कायमची नोंदली गेली. उम्मुल मोमिनीन ह. सौदा (रजि.) शरीराने स्थूल होत्या, चालणे मंद होते, त्यांना मुजदलिफाहून गर्दीच्या आधी, रात्रीच निघण्याची मुभा मिळाली. उम्मुल मोमिनीन ह. उम्मे सलमा (रजि.) आजारी होत्या, लोकांच्या मागून, वाहनावर बसून तवाफ करण्यास त्यांना सांगण्यात आले. म्हणजे चाकाच्या खुर्चीवरील तवाफची परंपरा थेट प्रेषितांच्या (स.) घरापर्यंत पोहोचते. आता सईच्या वरच्या मजल्यावर विजेवर चालणाऱ्या गाड्याही मिळतात. ज्यांना खरोखर जमत नाही, त्यांनी जमरातवर खडे मारण्यासाठी दुसऱ्याला नेमावे, आणि ज्यांना गर्दी सोसत नाही त्यांनी रात्री जावे. अल्लाहला आपल्या दिलेल्या सवलती स्वीकारल्या जाणे प्रिय आहे, अशा अर्थाची हदीस आहे. यजमानाने आस्थेने पुढे केलेले ताट मागे सारणे हा आपल्याकडे शिष्टाचार मानत नाहीत. बारीकसारीक मसाइलमध्ये हनफी आणि शाफई मतांत फरक आहे, आणि आपल्या कोकणात शाफई कुटुंबे पुष्कळ आहेत; तेव्हा निघण्यापूर्वी आपल्या मसलकाच्या आलिमाला आजाराची पूर्ण कल्पना देऊन विचारावे. पूर्ण, हा शब्द मी जाणूनबुजून लिहिला आहे.

हजरे-अस्वदपाशी होणारी रेटारेटी हा तर वेगळ्या लेखाचा विषय आहे. ह. उमर (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) सांगितले होते, की तुम्ही बलवान आहात, दुर्बलांना धक्का देऊ नका, जागा मिळाली तर ठीक, नाहीतर समोरून तकबीर म्हणून पुढे जा. चुंबन सुन्नत आहे. मुसलमानाला इजा पोहोचवणे हराम आहे. 2015 मध्ये मिनात झालेल्या चेंगराचेंगरीत सरकारी आकड्यानुसार 769 जणांचे प्राण गेले. म्हणून नेमून दिलेली वेळ आणि रस्ता पाळावा, प्रवाहाच्या उलट चालू नये, हातातून काही पडले तर ते उचलण्यासाठी गर्दीत वाकू नये.

तयारीच्या काही गोष्टी. मेंदूज्वराची लस तेथे पोहोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली असणे सक्तीचे आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी धावपळ करून उपयोग नाही. पोलिओचे डोस आणि फ्लूची लस याविषयी शिबिरात सांगितले जाते, ते मनावर घ्यावे. ‘लस घेतल्याने ताप येतो’ म्हणून ती चुकवून दाखला मिळवणारे लोक मी पाहिले आहेत. ही फसवणूकच नव्हे, तर लाखोंच्या गर्दीत इतरांच्या जिवाशी खेळ आहे. मुवत्तामध्ये आले आहे, की कुष्ठरोग झालेली एक स्त्री तवाफ करताना दिसली, तेव्हा ह. उमर (रजि.) यांनी तिला लोकांना त्रास न देता घरी बसण्याचा सौम्य सल्ला दिला. खोकला झालेल्याने हा प्रसंग आठवून गर्दीपासून थोडे दूर राहावे.

औषधे मूळ पाकिटासह, डॉक्टरच्या चिठ्ठीसह आणि हातातल्या पिशवीत असावीत. इन्शुलिन विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात ठेवू नये. तेथे ते गोठू शकते. सौदी अरेबियाचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, त्यानुसार गोळ्यांच्या वेळा डॉक्टरकडून लिहून घ्याव्यात. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या काही वेदनाशामक आणि झोपेच्या गोळ्यांवर आखाती देशांत कडक निर्बंध आहेत. मुलांना भेटण्यासाठी दुबई किंवा कुवेतला जाणाऱ्या आई-वडिलांनीही हे लक्षात ठेवावे. आणि खसखस! आपल्या स्वयंपाकघरातील ही निष्पाप वस्तू सौदी अरेबियात अमली पदार्थांत मोडते. घरच्या मसाल्यात, लाडवात ती असेल, तर तो डबा गावीच राहू द्यावा. गुटखा आणि तंबाखू यांविषयी तर हजला निघालेल्या माणसाला काय सांगावे?

मधुमेहींनी पायांकडे चेहऱ्याहून अधिक लक्ष द्यावे. संवेदना कमी झालेल्या पायाला तापलेल्या फरशीचा चटका कळत नाही. एहराममधील पुरुषाला वरचे हाड उघडे राहील अशी मऊ चप्पल घालता येते. ती निघण्यापूर्वी महिनाभर वापरून पायात बसवावी. चप्पल रॅकवर न ठेवता पिशवीत घालून जवळ बाळगावी, म्हणजे ती हरवून उन्हात अनवाणी परतण्याची पाळी येत नाही. रोज रात्री तळवे पाहावेत. स्वतःला दिसत नसतील तर सोबत्याला दाखवावेत. यात लाज कसली? मुंडन अधिकृत न्हाव्याकडेच आणि नव्या पात्यानेच करून घ्यावे. एकच वस्तरा चार डोक्यांवर फिरला, तर काविळीसारखे रक्तातून पसरणारे आजार घरी येतात. उंटिणीचे कच्चे दूध पिऊ नये.

भगिनींसाठी एक शब्द. मासिक धर्म पुढे ढकलण्याच्या गोळ्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नका. रक्तदाब किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास असेल तर त्या धोकादायक ठरू शकतात. उम्मुल मोमिनीन ह. आएशा (रजि.) यांनाही हजच्या वाटेवर हाच प्रसंग आला आणि त्या रडल्या. आदमच्या लेकींसाठी ही अल्लाहनेच ठरवलेली गोष्ट आहे, असे सांगून प्रेषितांनी (स.) त्यांचे सांत्वन केले आणि तवाफखेरीज सर्व विधी करण्यास सांगितले.

आता राहिला चाचांचा खरा प्रश्न. डॉक्टरने नाहीच म्हटले तर? हज त्याच्यावर फर्ज आहे ज्याला तेथवर जाण्याचे सामर्थ्य आहे, असे कुरआन (सूरह आले-इमरान, आयत 97) सांगतो, आणि शरीराचे सामर्थ्यही फुकहांनी त्यात धरले आहे. अखेरच्या हजमध्ये खसअम कबिल्यातील एका स्त्रीने विचारले, की माझे वडील इतके वृद्ध आहेत की वाहनावर स्थिर बसू शकत नाहीत. मी त्यांच्या वतीने हज करू काय? प्रेषितांनी (स.) होकार दिला. तो म्हातारा घरी होता, आणि त्याचा हज अराफातवर उभा होता. आजार बरा होण्याची आशा असेल तर थांबावे, उपचार घ्यावेत. आशाच नसेल तर हज्जे-बदलचे दार उघडे आहे. दार एकच आहे असे समजून भिंतीवर डोके आपटण्याचे कारण नाही.

हे सर्व त्या जुम्याला मी चाचांना सांगितले. ते गप्प होते. शेवटी मी विचारले, ‘‘चाचा, ब्रेकमध्ये बिघाड आहे हे ठाऊक असताना तुम्ही गाडी घाटात घातली असती का? डेपोत नोंद न करता?’’ ते उठून गेले. फॉर्मवर त्यांनी सर्व खरे लिहिले आणि डॉक्टरने सही नाकारली. आधी हृदयाच्या तपासण्या करा, एक वर्ष थांबा, असे सांगितले. पुढे कित्येक जुमे त्यांनी मला मुसाफहासाठी हात दिला नाही. मशिदीत माझ्यापासून दूरच्या सफमध्ये उभे राहत.

या वर्षीच्या शिबिरात ते पुन्हा आले, या वेळी थोरल्या मुलाला घेऊन. त्यांच्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीत अडथळा सापडला होता, त्यावर उपचार झाले आहेत. फज्रनंतर ते रोज नदीपर्यंत चालत जातात. त्यांच्या खिशात एक घडी घातलेला कागद होता: एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत औषधांची नावे, वेळा, रक्तगट आणि मुलाचा फोन क्रमांक. तो त्यांनी माझ्यासमोर उलगडला आणि म्हणाले, ‘‘बघा मौलाना, काही राहिले आहे का?’’

कागदावर चष्म्याचा नंबर राहिला होता. तो आम्ही तेथेच लिहिला.